न सांगितल्यास लागू

सोमवार, ३ नोव्हेंबर

सर्व्हरची सामायिक सेटिंग्जची फाइल अखेर माझ्या ताब्यात आली. एकाच जावा सर्व्हरवर आमच्या कंपनीची नऊ अ‍ॅप्स चालतात. ज्या बाबतीत अ‍ॅपने स्वतःच्या फाइलीत काही लिहिलेले नसते, त्या बाबतीत या फाइलीचा शब्द अंतिम. आधीच्या गृहस्थांनी काय करून ठेवले होते! फोल्डरचा पत्ता टाकला की आतल्या सगळ्या फाइलींची यादी कोणाही वाटसरूसमोर उघडी. एकदा लॉगिन केले की सेशन दिवसभर जिवंत — माणूस जेवायला गेला तरी दुसरा त्याच्या नावाने काम करायला मोकळा. हे पाहून शांत राहणे म्हणजे माझ्या एम.टेक.चा अपमान.

यादी बंद. सेशन तीस मिनिटे. रीस्टार्ट — एकही त्रुटी नाही. स्वच्छ लॉग वाचण्यात जे सुख आहे, ते या घरात कोणाला सांगावे?

जेवताना अप्पा सुदर्शनच्या स्थळाविषयी बोलत होते. पिशोर गावची माणसे, घरची शेती, मुलगा इथेच बियाण्यांच्या कंपनीत. काल ते बघून गेले. पोह्यांच्या बशीत त्याने एकही शेंगदाणा उरवला नाही, एवढेच मला आठवते. माझ्या डोक्यात सर्व्हर चालू होता. मी भाकरी खात राहिले.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

सकाळीच अभय टेबलाशी. बजाजनगरच्या गोदामांचे अ‍ॅप त्याचे. "मॅडम, गोदामवाल्यांना पावत्याच दिसेनात. लई फोन येऊ राहिले."

पावत्यांसाठी स्वतंत्र पान लिहिण्याचे कष्ट त्याने घेतलेच नव्हते! सर्व्हर फोल्डर उघडा दाखवतो, त्यावरच भागवले होते. मी म्हणाले, "तुमच्या अ‍ॅपने काहीच सांगितलेले नव्हते. मग मी ठरवेन तेच लागू."

"न विचारता, मॅडम?"

"जो बोलत नाही, त्याला काय विचारायचे?"

उत्तर चोख होते. दिवसभर माझे मलाच कौतुक.

बुधवार, ५ नोव्हेंबर

अभयने पान लिहिले. चालते. रंग भयंकर.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

आई शहागंजातून साड्यांच्या पिशव्या घेऊन आली. कशासाठी? "साखरपुड्याला." कोणाच्या? "तुह्या. अजून कुणाच्या?"

मी थेट अप्पांपुढे. टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले, "सोमवारी तुह्यासमोरच बोललो. तू काय बोलली नाय, आम्ही व्हय समजलो. आपल्यात पोरगी गप बसली म्हंजे व्हयच."

"मला न विचारता?"

"विचारलं की. तू भाकर खात व्हती."

अभयचा चेहरा आठवला. फार राग आला — नेमका कोणाचा, हे आज लिहिणार नाही.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

नऊही अ‍ॅप्सच्या लोकांना कळवले: सुरक्षेचा प्रश्न सोडल्यास यापुढे आधी विचारीन, आणि उत्तर आले नाही तर जुनेच राहील. अभय म्हणाला, "मॅडम, तब्येत बरी हाय ना?"

संध्याकाळी टीव्ही बंद करून अप्पांना सांगितले — "माझ्या बाबतीत इथून पुढे गप्प म्हणजे नाही. साखरपुडा होणार नाही. पिशोरकरांना मी स्वतः कळवते."

आई रडेल असे वाटले होते. ती म्हणाली, "तो शहागंजवाला साड्या वापस घेत नाय, सांगून ठेवते."

अप्पांनी बंद टीव्हीकडे पाहिले. "घ्या. अजून शिकवा पोरीला," म्हणाले. पण सुदर्शनचा नंबर त्यांनीच दिला.

शनिवार, ८ नोव्हेंबर

सुदर्शनला फोन केला. घोटून ठेवलेली वाक्ये नीट बोलले: आपण भले असाल, परंतु मला कोणी विचारलेले नाही. पलीकडे शांतता. तिचा अर्थ मी लावला नाही.

मग तो हसला. "मलाबी कुणी नव्हतं विचारलं. मी पोहे खात होतो."

हसू आवरून म्हणाला, "आता मी विचारतो. उद्या चहाला येता का? नाय म्हटलं तरी राग नाय."

उद्या पाच वाजता, कॅनॉट मार्केटला.