सांगलीच्या नक्कल विभागाला

डार्मश्टाट,
रविवार, १७ नोव्हेंबर २०२४

ती. आईंना,
वल्लरीचा शि. सा. नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? बीपीची गोळी वेळेवर घेता ना? आम्ही दोघी बऱ्या आहोत. उर्जाला ऑक्टोबरात अकरावं लागलं. मराठी सगळं समजतं, पण बोलते जर्मनच. मी 'जेवायला ये' म्हटलं की 'गेनाऊ', म्हणजे 'अगदी बरोबर', म्हणते आणि जागची हलत नाही.

तीन वर्षांनी पत्र लिहितेय आणि सुरुवात गुडघ्यांपासून करतेय. धीर गोळा होईपर्यंत आधी कामाचं सांगते.

माझा प्रबंध गेल्या महिन्यात सादर झाला. त्यातलं एक अख्खं प्रकरण एका शब्दावर आहे, 'डिक्रीट'. स्कॉटलंडच्या जुन्या कोर्टांत निकालाला हे म्हणत. मूळ लॅटिन, ते फ्रेंचांच्या तोंडून तिकडे गेलं. पाचशे वर्षांपूर्वीच्या कागदांवरही कारकुनांनी ते वळणदार अक्षरात लिहून ठेवलंय. इंग्लंडमध्ये त्याच शब्दाचं 'डिक्री' झालं, तेच साहेबाबरोबर आपल्याकडे आलं आणि तुमच्या टेबलावर 'हुकूमनामा' म्हणून बसलं. पुढे स्कॉटलंडमध्येही 'डिक्री'च रुळलं आणि 'डिक्रीट' जुन्या दप्तरांत राहून गेलं. तुम्ही एकतीस वर्षं ज्या कागदाच्या नकला काढल्यात, त्याचा हा लांबचा भाऊ.

ते कागद पहिल्यांदा समोर आले तेव्हा एक ओळ लागेना. मग तुमची आठवण झाली. लग्नानंतरच्या पहिल्या मे महिन्यात तुम्ही मला एका जुन्या कारकुनाचं अक्षर वाचायला शिकवलं होतंत. 'आधी तारीख आणि पक्षकारांची नावं शोध. ती आपल्याला ठाऊक असतात. त्यांच्यातली अक्षरं धरून पुढे जायचं.' मी तेच केलं. चौथ्या दिवशी पान लागलं. माझ्या प्राध्यापिका म्हणाल्या, "हे कुठे शिकलात?" मी म्हटलं, "सांगलीत, सासूबाईंकडे." सासूबाई हा शब्द तोंडातून गेला आणि मी घाईने पुन्हा पानावर वाकले.

या शब्दाचे प्रकार होते. दोन्ही बाजू हजर राहून भांडल्या की एक, आणि एक बाजू आलीच नाही तर दुसरा, गैरहजेरीतला. गैरहजेरीतला निकाल कच्चा मानत. ज्याचं ऐकून घेतलेलं नाही, तो येऊन म्हणू शकत असे, मला पुन्हा उभं करा. हे मी नीट तळटिपा देऊन लिहिलं आणि तेव्हाही माझ्या डोक्यात काही आलं नाही.

सप्टेंबरात उर्जाच्या पासपोर्टसाठी इथल्या आम्टमध्ये, म्हणजे सरकारी कचेरीत, गेले. माझ्याकडे घटस्फोटाच्या निकालाचं फक्त शेवटचं पान होतं, ताबा आईकडे, एवढंच लिहिलेलं. बाई म्हणाल्या, पूर्ण निकालपत्र लागेल, प्रमाणित. मी पुण्याहून मागवलं. एकोणीस पानं आली. भाषांतराला देण्याआधी वाचायला बसले, आणि अकराव्या पानावर तुम्ही भेटलात.

अर्जदाराचे साक्षीदार क्रमांक दोन, कुसुम. तुमच्या उत्कर्षने तुम्हाला त्याच्या बाजूने उभं केलं होतं, हे मला तेव्हाच कळलं होतं. त्याच्या साक्षीदारांच्या यादीत तुमचं नाव दिसलं त्या दिवशी मी तुमचा नंबर ब्लॉक केला. माझी साक्ष इथून व्हिडिओवर झाली. तुमच्या साक्षीच्या दिवशी मी ऐकायलाही बसले नाही; माझा निकाल तुमचं न ऐकताच झाला होता. पण तुम्ही उलटतपासात काय म्हणालात, ते त्या पानावर आहे: 'नातीचं न्हाणं, शाळा, दवाखाना सगळं तिची आई करते. माझ्या मुलाला मुलीच्या बाईंचं नाव सांगता येणार नाही. मुलगी आईजवळ राहावी असं माझं म्हणणं आहे.' खाली न्यायाधीशांनी लिहिलंय की या साक्षीला आम्ही सर्वाधिक महत्त्व देतो.

मी माझ्या वकीलबाईंना, उल्काताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "म्हणजे तुला अजून माहीत नाही? त्यांचा मुलगा त्यांना कोर्टाच्या फाटकात सोडून गाडी घेऊन निघून गेला. मी त्यांना स्वारगेटला नेऊन सांगलीच्या एसटीत बसवलं."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"त्यांनीच अडवलं. म्हणाल्या, तिला उपकाराचं ओझं नको."

उत्कर्ष त्यानंतर सांगलीला आला नाही, हेही त्यांच्याचकडून कळलं.

आता जे सांगायचं टाळत होते ते. त्या वर्षी दिवाळीआधी तुमचं पार्सल आलं होतं. पोस्टवाला दारात उभा होता. खोक्यावर तुमचं अक्षर होतं, उर्जाच्या नावाने. मी त्याला म्हटलं, परत न्या. त्याने विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, "या." जर्मनमधलं 'या', म्हणजे हो. मागे उर्जा उभी होती. तिने विचारलं, "ओमाचं होतं का?" ओमा म्हणजे आजी, तुम्ही. मी सांगितलं, चुकून आलं होतं.

आई, तुम्हाला ते खोकं परत मिळालं असेल. तुम्ही ते एकटीने उघडलं असेल. याची क्षमा कशी मागतात मला माहीत नाही. मी ती मागते.

गेल्या रविवारी उर्जाला सगळं वाचून दाखवलं, पार्सलचंही सांगितलं. तिने ते अकरावं पान पुन्हा वाचायला लावलं. मग जर्मनमध्ये म्हणाली, "ओमा पप्पासाठी खोटं बोलली असती तर मी आज कुठे असते?" मी म्हटलं, "पुण्यात." ती उठली, आणि आठवडाभर मराठीत एक वाक्य पाठ करतेय. काय, ते मला सांगत नाही.

माझं घर, माझं काम, सकाळी दप्तर विसरून धावत परत येणारी ही मुलगी, हे सगळं तुमच्या त्या तीन वाक्यांनी माझ्याकडे राहिलं. तुम्ही ते पोटच्या मुलाला गमावून दिलंत आणि माझ्याकडून साधं 'पोचलं' एवढंही मागितलं नाहीत. प्रबंधाच्या पहिल्या पानावर मी लिहिलंय: 'श्रीमती कुसुम आणि सांगली जिल्हा न्यायालयाच्या नक्कल विभागास.' इथे कुणाला काही कळणार नाही. तुम्हाला कळेल.

२२ डिसेंबरला आम्ही सांगलीत येतोय. स्टँडजवळ लॉज घेतलंय, तुम्हाला त्रास नको. २३ला सकाळी दहा वाजता उर्जाला घेऊन येईन. मला भेटायचं नसेल तर मी खाली रस्त्यावर थांबेन. तेवढं तिला वर घ्या. तिच्याकडे तुमच्यासाठी एक वाक्य आहे.

तुमच्यामुळे आई राहिलेली,
वल्लरी