ठसक्यात गेलेला जिन्नस

चि. बुटकीस,

दादाचा आशीर्वाद, आणि आशीर्वादामागोमाग थोडा संशयही. पण तो पुढे येईल. आधी तब्येत. तुझे गुडघे काय म्हणतात? मेहुण्यांचं घोरणं खरंच कमी झालंय, की तुला ऐकू येईनासं झालंय? माझं उत्तम चाललं आहे. तुझी वहिनी मात्र तोंड मिटून आहे, आणि हे पत्र त्यासाठीच.

तिचे दात काढून कवळी बसवली, हे तुला कळवलं होतंच. दंतवैद्य म्हणाला, "बसेल हळूहळू." ती अजून उभीच आहे. कडक घास आला की निसटते, म्हणून वहिनी माझ्याबरोबर जेवायला बसत नाही. "तुम्ही घ्या, मला भूक नाही," म्हणते आणि मागाहून स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून दुधात काहीबाही कुस्करून खाते. येत्या रविवारी लेक, जावई आणि विहीणबाई जेवायला येणार आहेत. (विहीणबाईंचे सगळे दात स्वतःचे आहेत आणि त्या ते मोजायला दिल्यासारख्या हसतात.) त्या दिवशी वहिनीने सगळ्यांबरोबर टेबलाशी बसावं आणि चारचौघांत दोन घास खावेत, एवढंच मला हवंय. म्हणून तर मी फोन करून तुझ्या त्या कापसासारख्या पावांची कृती विचारली.

तेव्हापासून तीन वेळा करून झाले. गोळा मळतो, ओल्या फडक्याखाली ठेवतो, आणि तासा-दीड तासाने उघडतो तर तो जिथल्या तिथे, रुसून बसल्यासारखा. तरी भाजले. पहिल्या खेपेचा एक पाव हातातून निसटला, तर खालच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाई वर येऊन विचारून गेल्या, "काका, कपाट हलवताय का?" आल्या त्या आल्या, आणि ओट्यावरच्या दुसऱ्या गोळ्याचं फडकं उचलून आतही डोकावल्या. कशासाठी, ते सांगितलं नाही. मी लक्षात ठेवलं आहे.

मग वाण्याकडे गेलो आणि "तुझं यीस्ट मेलेलं आहे," असं त्याला तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, "काका, माझ्या दुकानातून निघालं तेव्हा धडधाकट होतं. घरी नेऊन तुम्ही त्याचं काय केलंत, ते मला कसं कळणार?" माणूस इतक्या पटकन उत्तर देतो, तेव्हा ते आधीपासून तयार असतं.

वहिनीवरही माझी नजर आहे. मी पीठ मळायला घेतलं की ती "काही नाही, पाणी प्यायला आले" म्हणत आत येते. तहानलेलं माणूस पेल्याकडे बघतं, ही माझ्या परातीकडे बघते. आणि पाव मऊ झाले तर टेबलाशी न बसायला तिला निमित्त उरत नाही, हेही विसरून चालणार नाही.

आता तू. राग मानू नकोस, पण सर्वात जास्त संशय तुझ्यावरच आहे. (लपाछपीत तू कुठे लपायचीस, ते अजून सांगितलेलं नाहीस.) फोनवर तू म्हणालीस, "दादा, पाणी हाताला सोसेल इतकंच गरम घे, त्यात चमचाभर साखर, मग यीस्ट, आणि..." आणि तिथे तुला ठसका लागला. टक् असा आवाज झाला. ठसका थांबल्यावर तू थेट लोण्यावर गेलीस. मधला जिन्नस कुठे गेला? बाकी मी तुझा शब्दन् शब्द पाळला. पाण्यात नुसतं बोट नाही, अख्खा पंजा बुडवून खात्री केली. (जन्मभर लाँड्रीत वाफेची इस्त्री फिरवलेला हात आहे, गरम-गार मला कुणी शिकवायला नको.) तेव्हा चूक माझी नाही. ठसक्यात गेलेला जिन्नस कोणता, तो मुकाट्याने कळव. मी कुणाला सांगणार नाही.

तुझा,
दादा

ता. क. पाकीट चिकटवणार तोच वहिनी आली. "नणंदबाईंना एवढं काय लिहिताय?" म्हणून पत्र वाचलं, आणि ओट्यावर चौथ्या खेपेसाठी तयार ठेवलेल्या पाण्यात बोट घातलं. घातलं तसं झटक्यात बाहेर. म्हणाली, "अहो, हाताला सोसेल म्हणजे कुणाच्या? तुम्ही चुलीवरचं पातेलं फडक्याशिवाय उतरवता. बिचारं यीस्ट उकडून मारलंत." मग तिच्या बोटाला पटेपर्यंत तिने त्यात गार पाणी ओतलं. गोळा असा फुगला की फडकं वर उचललं गेलं. पाव निघाले ते दाबले की दबणारे आणि सोडले की पुन्हा वर येणारे. वाण्याची माफी मागून आलो. (शिवणकामवाल्या बाईंचं अजून बघू.) वहिनीने दोन खाल्ले. पण भिंतीकडे तोंड करूनच. "रविवारी तुम्ही बसा, मी वाढते," म्हणाली. म्हणजे पाव जमले, भिंत राहिली.

ता. क. दुसरा, हा वहिनीला दाखवलेला नाही. तो टक् आवाज आता मी घरात रोज ऐकतो. बुटके, तो ठसका नव्हता. मागे आलीस तेव्हा सफरचंदाच्या पातळ फोडी करून खाल्ल्यास. झाडावर बसून अख्खं सफरचंद दातांनी फोडणारी तू. कवळी कधी बसवलीस आणि आम्हाला का कळवलं नाहीस, ते विचारत नाही. पण रविवारी ये. पाव मी करतो, पाणी वहिनी बघेल. तू तिला हाताला धरून टेबलाशी शेजारी बसव, आणि विहीणबाई हसायला लागल्या की तुला तसाच एक ठसका लागू दे, पण चांगला मोठ्याने.