दुसऱ्याचं गाऱ्हाणं

बाबा, परवा मी तुमच्यासारखी भांडणाऱ्या दोघांच्या मध्ये बसले. भांडणारे परके असते तर सोपं होतं. हे दोघे माझ्याच पोटचे.

तुम्ही गेलात तेव्हा मोठा रांगत होता. आता त्याचे ट्रेलर बंदरावर चालतात. ते रस्त्याकडेला उभे करावे लागतात, म्हणून घरामागचा तलाव भराव टाकून बुजवायचा, असं त्याच्या मनात. तुमच्या जावयांनी खणलेला तलाव. त्यात धाकटा जिताडे मासे पाळतो. बरेच दिवस दोघे एका घरात राहून माझ्यामार्फत बोलत होते. ‘आई, त्याला सांग, तलावाचा पंप बंद कर.’ आणि तो समोरच उभा. मग धाकट्याने वेगळं राहायची भाषा काढली. मला वाटलं, पंगतीला एकत्र बसवू, जरा निवळतील. तलावातला जिताडा काढून कालवण केलं. आपल्याकडे जिताड्याचं डोकं मानाचं; सवयीने हात वळला आणि ते मोठ्याच्या ताटात पडलं. धाकटा ताटावरून उठला. ‘मासा माजा, आन डोकं त्याला. लागला की गं निकाल, आई.’ मोठा म्हणतो, ‘घे रं, डोकं तू घे, तलाव मला दे.’ एवढ्या भांडणातही मला हसू आवरेना, म्हणून भाताचा टोप उचलून मी आत गेले.

आत उभी असताना तुमचं अंगण आठवलं. मी परकरी पोर, चहाची किटली घेऊन दारात. बाहेर मिठागरवाले आणि भातवाले समोरासमोर बसलेत. मिठागरवाल्यांना बांधाच्या उघाडीचं दार उघडून खाडीचं पाणी आत घ्यायचंय. भातवाल्यांचं शेवटचं भात अजून उभं आहे, खारं पाणी शिरलं तर ते जाणार. मी मध्येच बोलते, ‘अर्धीच उघडा की.’ सगळे हसतात. तुम्ही तेवढे हसत नाही. ‘तुजा निवाडा बरा हाय, बाय. पण त्यो तुजा हाय. त्यांचा त्यांना करू दे.’ मग तुमची नेहमीची अट. प्रत्येकाने दुसऱ्याचं गाऱ्हाणं सांगायचं, आणि दुसरा ‘व्हय, ह्येच’ म्हणेपर्यंत चहा नाही. चहा निवायचा, मी परत चुलीवर ठेवायची. मला वाटायचं, माणसांना ताटकळत ठेवायची तुम्हाला हौसच आहे. आता कळतं, दुसऱ्याचं म्हणणं आपल्या तोंडून सांगायला लागलं की आवाज आपोआप खाली येतो. ते ओरडून सांगताच येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांना तलावाच्या बांधावर नेलं आणि तुमची अट घातली. ‘काय पोरखेळ लावलास, आई,’ मोठा म्हणाला. म्हटलं, ‘तुज्या आजानं मिश्यावाले बापये बसवलेत असे. बस.’ आधी धाकटा. ‘याला गाड्या लावायला जागा पायजे.’ मोठा म्हणाला, ‘ह्ये न्हाय.’ ‘बॅटऱ्या चोरीला जातात.’ ‘जातात. पण ह्ये न्हाय.’ धाकट्याने पाण्यात खडा टाकला. मग म्हणाला, ‘रस्त्यात उभ्या असलेल्या दादाच्या ट्रेलरवर एक बाईकवाला आदळला. दादानंच त्याला उचलून दवाखान्यात नेला. पोरगा वाचला, पण तवापासून दादाला झोप न्हाय.’ मोठा दुसरीकडे बघत म्हणाला, ‘व्हय. ह्येच.’ मग त्याची पाळी. त्याला शोधावं लागलं नाही. ‘याला वाटतं, तलाव गेला की मी याला माज्या गाडीवर डायवर म्हणून ठेवीन.’ ‘व्हय, ह्येच,’ धाकटा म्हणाला. एका घरात राहून मला यातलं काही ठाऊक नव्हतं. आणि त्या दोघांना एकमेकांचं सगळं ठाऊक होतं.

तोडगा त्यांचा त्यांनीच काढला. रस्त्याकडची उथळ बाजू भरायची, खोल बाजू जिताड्यांना ठेवायची, मध्ये दगडी बांध घालायचा. आता बांधाच्या उंचीवरून वाद चाललाय, पण तो थेट एकमेकांशी. मला कुणी विचारत नाही, आणि मी सुखाने माझे वाल सोलत बसते.

एक मात्र तुम्हालाच सांगते. मध्ये बसणाऱ्याला बाजू नसते असं पोरं समजतात. मला होती. मला तलाव अख्खा हवा होता. त्या उथळ बाजूलाच तुमचे जावई गुडघाभर पाण्यात उभे राहून मला हाक मारायचे. ती भरायची ठरली तेव्हा मी ‘बरं केलंत’ म्हटलं आणि घरात येऊन घासलेलीच भांडी पुन्हा घासली. तुम्हीही मिठागरवालेच होता ना, बाबा? निकाल भातवाल्यांकडे गेला की तुम्ही कुणाशी न बोलता पेज प्यायचात. मी समजायची, बाबा दमलेत.

हा कागद पोरांच्या हाती लागू देणार नाही. तुम्हाला धाडायची सोय असती, तरी शेवटचं ते तुमच्या पेजेचं मी गाळलं असतं.