शनीच्या चंद्रावरचा पातळ वारा

मालवण, शुक्रवार, २३ ऑक्टोबर १९५९

बाबांना साडेसाती लागल्यापासून होडीचं नवं शीड माळ्यावरच पडून आहे. ठिगळं लावलेल्या जुन्या शिडावर समुद्रात जातील, पण नवं चढवणार नाहीत. शनी फाडील म्हणे.

आज दुपारी जेवताना मी सहज मासिकातलं सांगितलं, की शनीच्या एका चंद्रावर सगळं गोठलेलं आहे, तरी तिथे विरळ हवा आहे. बाबांचा घास हातातच राहिला.

"थंय वारो आसा?"

"हवा आसा म्हणजे वारो आसतलोच. पण पातळ."

बोलून गेले खरी. मासिकात वाऱ्याविषयी चकार शब्द नाही. कशाला बोलले?

"पातळ तर पातळ," बाबा म्हणाले. "जेच्या घरात वारो आसा, तो आमचा शीड कित्याक फाडीत?"

आई हसू दाबत सोलकढी वाढत राहिली.

आता तिन्हीसांजेला बाबा अंगणात नवं शीड पसरून त्याला दोऱ्या ओवताहेत. पातळ वारा! माझा अजून जीव खालीवर. आईने आठवण केली, "उद्या शनिवार आसा." बाबांनी मानही वर केली नाही.

"म्हणानच. तेका पण बघूंदे."