तुमच्या थट्टेला दिलेला शब्द

बाबा,

माझी लेक सध्या जपानी ॲनिमे बघते. कार्टून म्हटलं की चिडते. त्यात माणूस मरतो आणि तलवारी-राक्षसांच्या भलत्याच जगात पुन्हा जन्मतो. मांडवीच्या आमच्या खोलीत जेवताना मीही बघत बसते. एका मालिकेतला नायक नव्या जन्मापुढे हात जोडतो, दिलेला शब्द जिवावर उदार होऊन पाळतो. दुसरीतला मेल्या मेल्या नवा जन्म देणाऱ्या देवीचीच टिंगल करतो, कुणी शपथ घेतली की दात काढतो. लेकीला हा दुसरा आवडतो. मला त्याचा रागच येतो, कारण तुम्ही तसेच होतात. पहिला म्हणजे आपला दादा.

अजून दिसतं, नाटे गावातल्या आपल्या घरात तुम्ही जेवताय. सार भुरकत म्हणता, "माज्या मागं होडी इकलीत ना, तर पिंडाला शिवायचा नाय मी!" काका हसतात, आई हसते. दादा तेवढा हसत नाही. त्याच आठवड्यात बंदरावर होडीकडे बोट दाखवत तुम्ही मला म्हणालात, "तुजा दादा नोकरीला लागला की इकून टाकू हिला. माजी हाडं मोडली ती पुरे."

मग तापाचं निमित्त झालं आणि तुम्ही गेलात. दहाव्याला कावळा शिवेना. बायकांना तिथे नेत नाहीत, आई आणि मी घरी. ऊन चढलं तसं काकांना तुमचं बोलणं आठवलं. दादाने हात जोडले, "होडी इकनार नाय, मी चालवीन," आणि कावळ्याने चोच मारली. मुंबईच्या कारखान्यातली त्याची ठरलेली नोकरी तिथेच राहिली. बंदरावरचं बोलणं मी आईला सांगितलं तर म्हणाली, "गप ऱ्हा. मेलेल्याला दिलेला शब्द माघारी घेत नायत."

आता मासळी नाही, दादाचा संसार झाला नाही, मणका झिजलाय. परवा इथल्या डॉक्टरांनी बजावलं, पुन्हा समुद्रात गेलात तर पाय जातील. दवाखान्यातून तो माझ्याकडे आला. मग विचारलं, "होडीचं बाबा मनापासून बोलले व्हते ना गं?"

नाही म्हटलं असतं तर पाय वाचले असते. पण मग एवढं आयुष्य कशापायी घालवलं, हे त्याने कुणाला विचारायचं? तुम्हाला विचारायची तर सोय नाही.

हे पत्र मी फाडणार आहे, त्याच्या हाती लागायला नको. मी हो म्हटलं, बाबा. त्याचा चेहरा उजळला, आणि भिंत धरत तो नाट्याची एसटी गाठायला गेला.