समुद्राला काय देऊ?

रविवार, संध्याकाळ

आत्ताच बीचवरून आलो. नाशिकहून इथे परदेशी आमच्याकडे आलेल्या सासूबाईंना समुद्र दाखवायला नेलं, आणि दिसली काय, तर वाळूत पडलेली सी लायन, सीलसारखं ते मोठं समुद्री जनावर. मान मागे टाकून डोकं सारखं डोलवत होती. आई पाण्याची बाटली उघडून निघाल्यासुद्धा. मी हात धरला. "आई, जवळ जायचं नसतं. रेस्क्यूवाल्यांना फोन केलाय मी."

"अगं, तहानलेली, उपाशी असेल ती."

उपाशी नाही, हेच तर! पोटभर जेवलीय. वाऱ्यामुळे खालचं थंड पाणी वर आलं, त्यावर प्लँक्टन, म्हणजे डोळ्यांना न दिसणारं शेवाळ, माजलं, आणि यंदा नेमकं विषारी. ते बारीक माशांनी खाल्लं, ते मासे हिनं. विष मेंदूत गेलं. लॅबमध्ये आठवडाभर मायक्रोस्कोपखाली मी दुसरं बघतेय काय? सगळं आईंना समजावून सांगितलं. तिथे उभी राहून लेक्चर! स्वतःचीच चीड आली.

आईंनी नीट ऐकून घेतलं. म्हणाल्या, "एवढं कळतं तुला, मग दे ना तिला काहीतरी."

काय देऊ? आणि समुद्राला काय देऊ?

रेस्क्यूवाल्यांकडे आधीच खूप केसेस आहेत, वेळ लागेल म्हणाले. अंधारायला लागलं तरी कोणी आलं नाही. तोवर तिचं डोलणं थांबलं होतं.

"निदान तोंडात दोन थेंब तरी घालू द्यायचे होतेस," एवढंच आई गाडीत बोलल्या.

बाटली ओट्यावर आहे, भरलेली. आई त्यातलं पीत नाहीत. माझ्याच्यानंही ओतून टाकवत नाही.