संभाजीपेक्षा एक इंच वर

१९ ऑगस्ट १९५६, रविवार. ग्वाल्हेर.

नवी वही. एकच विषय. सूड.

कारण इथे लिहून ठेवतो. पुढेमागे राग कमी झालाच, तर येऊन वाचता येईल.

गेल्या दसऱ्याला शमीपूजनाच्या मैदानात माझा चुलत भाऊ संभाजी त्याच्या नव्या वेपन कॅरियरमध्ये बसून आला. लष्करानं विकायला काढलेली ट्रकसारखी गाडी, मिलिटरी डिस्पोझलचा माल, पण उंच. मी माझ्या जीपमध्ये. तीही डिस्पोझलची, पण बुटकी. संभाजी माझ्याहून चार महिन्यांनी लहान. लहानानं खाली उतरावं, मोठ्याच्या हातात सोनं ठेवावं आणि वाकावं, ही रीत. हा उतरला नाही. बसल्या जागेवरून शमीची पानं पुढे केली आणि म्हणाला, दादा, हात जरा वर करा. मी केला. सगळ्या ग्वाल्हेरनं पाहिलं. निदान पंधरा माणसांनी तरी पाहिलंच.

आजोबांच्या वेळी स्वारीत कोण पुढे, कोण मागे, हे दरबार ठरवायचा. दरबार गेला. आता मध्यभारत राज्यही एक नोव्हेंबरला जाणार, राजधानी भोपाळला. संभाजी मोती महालात सेक्रेटरिएटमध्ये आहे, त्याची बदली पक्की. म्हणजे त्याचा इथला हा शेवटचा दसरा. यंदा नाही तर कधीच नाही.

योजना : जीपच्या कमानी, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, ॲक्सलच्या खाली असतात. त्या सोडवून ॲक्सलच्या वर बसवायच्या. गाडी सरळ पाच इंच उंच. शिवाय कमानीचं टोक गाडीला जोडणारे शॅकल लोहाराकडून लांब करून घ्यायचे, ते वेगळे. सव्वीस तारखेला शत्रूचं माप. मग दर रविवारी एक चाक, चार रविवार. २३ सप्टेंबरला फत्ते. सगळं घरी, स्वतःच्या हातानं. मग दसऱ्याला मी वर, तो खाली. मी उतरणार नाही. सोनं खालून वर आलं पाहिजे.

२० ऑगस्ट

संपूर्ण गुप्तता. ऑफिसात फक्त शेजारच्या टेबलाला सांगितलं. चपराशानं ऐकलं असेल. इंदरगंजच्या चौकातला पानवाला विचारत होता, साहब, जीप कितनी ऊँची हुई.

२६ ऑगस्ट, रविवार

शत्रूचं माप घेतलं. विजयाबाईंचा शिवणाचा फीता खिशात घालून गेलो. (बायकोला मी वहीत विजयाबाईच लिहितो. वही तिच्या हाती लागलीच तर शिष्टाचार दिसावा.) संभाजी आत आंघोळ करत होता. दाराचा आवाज नको म्हणून मागच्या फळीवरून कॅरियरच्या सीटवर चढलो, जमिनीपर्यंत फीता सोडला, तर तो टॉवेल गुंडाळून बाहेर. दादा, कसलं नाप घेताय, म्हणाला. मी म्हटलं, गादी शिवून द्यावी म्हणतो तुला. आनंदला. फीत्याचं खालचं टोक त्यानंच धरलं.

मूर्ख. फरक आठ इंच. मला नऊ हवेत.

आता गादीही शिवावी लागणार.

२ सप्टेंबर, रविवार

मागचं उजवं चाक. सकाळी सातला सुरुवात. कमान ॲक्सलला धरून ठेवणाऱ्या यू-बोल्टचे नट गंजलेले. रॉकेल ओतलं. बारापर्यंत एक नट हलला. तो मी उलटा फिरवत होतो हे नंतर कळलं, म्हणजे आणखी घट्ट झाला. हाताला व्यायाम झाला.

किला गेटचे मुन्नेखाँ मिस्त्री फाटकातून डोकावले. म्हणाले, कमानी वर घेताय तर ॲक्सलवर लोखंडी बैठक वेल्ड करावी लागेल, नुसत्या बोल्टांवर धरणार नाही, किसी दिन गाडी बैठ जाएगी. आणि शॅकल चार इंच लांब केलंत तर गाडी दोनच इंच उठते. दोन दिवसांत करून देतो म्हणाले. मी नाही म्हटलं. सूड मिस्त्रीकडून करवून घेत नाहीत.

चार इंचाचे दोन इंच कसे होतील? मनात धरलं नाही.

९ सप्टेंबर, रविवार

गणपतीचा दुसरा दिवस. संभाजी आरतीला आला. जीप विटांवर पाहून विचारपूस. मी म्हटलं, सर्व्हिसिंग. म्हणाला, रविवारी येऊ का हाताखाली? भोपाळला गेल्यावर असं कुठे मिळणार. उघड हेरगिरी. नको म्हटलं. त्यानं आणलेले मोदक खाल्ले. मोदकांचा याच्याशी संबंध नाही.

१६ सप्टेंबर, रविवार

मागचं उजवं चाक पूर्ण. दोन आठवडे उशीर, पण पाया पक्का हवा.

अडचण होती ती अशी. ॲक्सल गोल, कमान चपटी. मध्ये काही ठेवल्याशिवाय बसत नाही. मुन्नेखाँची लोखंडी बैठक ती हीच. मी शिसवी लाकडाचे ठोकळे केले. तितकं मुरलेलं शिसव बाजारात मिळत नाही, घरात मिळालं. विजयाबाईंच्या माहेरून आलेले जेवायचे आठ पाट होते. चार घेतले. चार राहिले. आपण माणसं दोन.

गाडी आता एका बाजूनं उंच आहे. डावीकडून पाहिलं तर बसलेली, उजवीकडून पाहिलं तर उठत असलेली.

२४ सप्टेंबर, सोमवार

आज वडिलांचं श्राद्ध. तीन गुरुजी, मी आणि संभाजी. पाट चार. विजयाबाईंनी कोठीत जाऊन पाहिलं, मग अंगणात जाऊन जीपखाली पाहिलं. पाटांवरच्या पितळी फुल्या ओळखल्या. सगळ्यांसमोर काही बोलल्या नाहीत. हे वाईट लक्षण.

संभाजी म्हणाला, मला पाट कशाला, आणि जमिनीवर बसला. प्रथमच माझ्यापेक्षा खाली. बरं वाटलं. पण साक्षीदार तीनच, तेही जेवणात गुंतलेले. हिशेबात धरता येत नाही.

उरलेली तीन चाकं पितृपक्षात करावीत की नाही? नवं काम सुरू करत नाहीत. थोरल्या गुरुजींना विचारलं. म्हणाले, चालू काम चालतं. मग धाकट्या गुरुजींना विचारलं. त्यांनी नको सांगितलं. धाकटे जास्त शिकलेले आहेत.

२५ सप्टेंबर

विजयाबाई बोलल्या. एक तास. लिहिण्यासारखं नाही.

५ ऑक्टोबर, शुक्रवार. घटस्थापना.

पितृपक्ष संपला. नऊ दिवस, तीन चाकं. कॅज्युअल लीव्हचा अर्ज. कारण : घरगुती कार्य.

रोज सकाळी १९ ऑगस्टचं पान वाचतो. हात जरा वर करा. वाचलं की पाना आपोआप फिरतो.

९ ऑक्टोबर, मंगळवार. रात्री.

मागचं डावं झालं, पुढचं उजवं झालं. हँडब्रेकची तार नव्या उंचीला पुरेना, सोडून ठेवली. ग्वाल्हेर काही चढावावर नाही. किल्ला आहे, पण मला कुठे किल्ल्यावर जायचंय.

शॅकलनं दोनच इंच दिले. मुन्नेखाँचं बरोबर निघालं. भेटले तर सांगणार नाही.

१२ ऑक्टोबर, शुक्रवार

चौथं चाक, पुढचं डावं. चढलं. सीटवर संभाजीसाठी शिवलेली गादी टाकली आणि मापलं. कॅरियरपेक्षा बरोबर एक इंच वर. दोन मिनिटं नुसता बसून राहिलो. इतका आनंद लग्नात झाला नव्हता.

विजयाबाईंना चढायला स्टूल दिलं. दुसऱ्या पायरीवरून त्यांनी आत पाहिलं, खाली उतरल्या आणि म्हणाल्या, मी टांग्यानं येईन.

तालीम केली. त्यांना खाली उभं केलं, हातात कडुलिंबाची डहाळी दिली. मी वरून म्हणालो, हात जरा वर करा. त्यांनी डहाळी बोनेटवर ठेवली आणि कणीक मळायला गेल्या.

चौथ्या चाकाचे चार नट हातानंच फिरवलेत. पान्यानं कसायचं उद्या.

१३ ऑक्टोबर, शनिवार. खंडेनवमी.

शस्त्रपूजन. आजोबांची तलवार, दोन कट्यारी, ढाल. यंदा त्यांच्या शेजारी मी जीपचे सगळे पाने, हातोडा आणि जॅक मांडले. शिपाईगडी माणसाचं हत्यार काळाप्रमाणे बदलतं, यावर विजयाबाईंना दहा मिनिटं समजावलं. पूजलेलं हत्यार सीमोल्लंघनापर्यंत जागचं हलवायचं नाही, हेही सांगितलं. हळद-कुंकू मीच वाहिलं.

दुपारी आठवलं की चौथं चाक कसायचं राहिलं. अठरा नंबरचा पाना उचलायला गेलो. विजयाबाई देवघराच्या दारात उभ्या होत्या. हलवायचं नाही ना, म्हणाल्या. पाटांचं तोंडातून निघालं नाही, पण डोळ्यांत चारही पाट दिसले. मुकाट परत आलो.

हरकत नाही. नट मी हातानं आवळलेत आणि आमच्या घराण्याच्या मुठीची पकड पानिपतापासून प्रसिद्ध आहे. मैदान दोन मैल.

१४ ऑक्टोबर, रविवार. दसरा.

लिहायचं आहे. लिहितो.

चार वाजता निघालो. अंगरखा, पगडी, कमरेला तलवार. गाडी डावीकडे ओढत होती, पण लोक पाहत होते. दाल बाजारातले दुकानदार उठून उभे राहिले. एवढ्या उंचीवरून लोकांच्या टोप्या दिसतात. सत्ता काय असते ते कळलं.

मैदानाच्या तोंडाशी संभाजीची कॅरियर उभी. मी समोरून येत होतो. त्यानं मान वर केली. वर. आठ आठवडे मी त्याच क्षणासाठी जगत होतो. वाक्य ओठावर आलं.

चाक खड्ड्यात गेलं. पाटाचा ठोकळा सटकून संभाजीच्या दिशेनं उडाला. जीपनं डावा गुडघा टेकला. मी स्टिअरिंगवर, पगडी बोनेटवर. मागे टांगे, मोटारी, सायकली, सगळं ग्वाल्हेर अडलं. या वेळी पंधरापेक्षा जास्त होते.

संभाजी धावत आला. मी पाहिलं, तो दारातून उतरला नाही. मागच्या फळीवरून उडी मारली. त्याही स्थितीत मी विचारलं, दार काय झालं? म्हणाला, दादा, ते गाडी घेतली तेव्हापासून उघडत नाही. गेल्या दसऱ्याला मागे माणसं दाटली होती, उतरायला वाटच नव्हती. नव्या गाडीचं दार अडकलंय हे चारचौघांत कसं सांगायचं, लाज वाटली. तुमच्या हातात वरून सोनं दिलं, त्याचं वर्षभर वाईट वाटतंय. मला खरं वाटेना. उतरून जाऊन दार ओढलं. हँडल माझ्या हातात आलं.

माझे पाने देवघरात. त्याचे त्याच्याजवळ. हळद-कुंकू लावलेले. पूजलेली हत्यारं सीमोल्लंघनाला बरोबर न्यायची असतात ना दादा, म्हणाला. हे मला माहीत आहे. लहानपणी त्याला मीच सांगितलं होतं. म्हणून तर तलवार घेतली होती.

त्यानं जॅक लावला. मला वर बसून ब्रेक दाबून धरायला सांगितलं, कारण हँडब्रेक नाही. जॅकनं गाडी आणखी चार इंच उठली. आयुष्यात इतका उंच कधी बसलो नव्हतो. संभाजी नवा रेशमी अंगरखा घालून धुळीत पाठीवर झोपला आणि गाडीखाली शिरला. ठोकळा परत बसवला, नट आवळू लागला. एकेक नट मला ऐकू येत होता.

सूर्य टेकला. मुहूर्त जात होता. मैदानात लोक एकमेकांना सोनं देऊ लागले. मला ब्रेकवरून पाय उचलता येईना. उचलला असता तर गाडी त्याच्या अंगावर गेली असती. तेवढ्यात जीपखालून एक हात बाहेर आला. ग्रीसनं काळा, बोटांत शमीची पानं. खालून आवाज आला, दादा, सोनं घ्या, नमस्कार इथूनच करतो.

सोनं खालून वर आलं. मी जे मागितलं होतं ते सगळं, मागितलं होतं त्याच क्रमानं. मी वाकून घेतलं. माझं वाक्य आठवलं, पण ते बोलावंसं वाटलं नाही. इतकी शरम मला गेल्या दसऱ्यालाही वाटली नव्हती. विजयाबाई टांग्यातून उतरून पाहत होत्या. या वेळी त्यांच्या डोळ्यांत पाट नव्हते.

तो गाडीखालून निघाला तेव्हा अंगरखा वाया गेला होता. मी म्हणालो, नट नीट आवळलास ना. एवढंच म्हणालो.

१५ ऑक्टोबर, सोमवार

ऑफिसला गेलो नाही. मुन्नेखाँना बोलावून जीप खाली उतरवायला दिली. दोन दिवस म्हणाले.

रात्रभर ठरवलं होतं की संभाजीला सगळं सांगायचं. फीता, गादी, वही, सगळं. माफी मागायची. मोठ्यानं लहानाची मागितली तरी चालते. मागायचीच. दहा वाजता पायी गेलो. संभाजी घरी नव्हता. भोपाळला सामान पाठवायचंय म्हणून स्टेशनवर बुकिंगला गेलेला. त्याच्या बायकोनं, उषाताईंनी, चहा दिला. खोलीत पेट्या बांधलेल्या, भिंतीवरच्या तसबिरी उतरवलेल्या. मी तासभर बसलो. रेशमी अंगरखा अंगणात वाळत होता. डाग गेले नव्हते.

दोनदा बोलायला तोंड उघडलं. एकदा चहा चांगला झालाय म्हणालो. एकदा भोपाळला पाणी कसं आहे विचारलं.

निघताना उषाताईंनी विचारलं, भावजी, काही काम होतं का, निरोप सांगू का. मी म्हणालो, काही नाही, काल त्याचा एक पाना माझ्या गाडीत राहिला होता, तो परत द्यायला आलो होतो.

त्यांनी हात पुढे केला. पाना मी आणलाच नव्हता.